‘उग्र’ म्हणजे नेमकं किती? चव मोजताना झालेली माझी एक चूक

माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण मी या वर्षी मागे घेतलं. टाइप झालेलं, आलेख लावलेलं, पानं क्रमांकासह तयार होतं. ते का मागे घेतलं, हे या लेखात सांगते. तुमच्यापैकी बरेच जण पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीत आहात, आणि ज्या प्रकारची चूक माझ्याकडून झाली ती कुठल्याही विषयात होऊ शकते.

विषय आधी सांगते, म्हणजे हसून घ्या. ओकच्या बॅरलमध्ये मुरवलेल्या, जास्त तीव्रतेच्या अगावे मद्याचं संवेदी मूल्यमापन. साध्या भाषेत: बॅरलमधली टकीला लोकांना चाखायला द्यायची आणि तिच्यात काय जाणवतं ते आकड्यांत मांडायचं. माझ्या मामांनी भर लग्नात विचारलं होतं, “अगं, पीएच.डी. करतेस की बार काढतेस?” आता मी उत्तर देत नाही, जिलेबी वाढून घेते.

नाशिकमध्ये बसून टकीला कशाला, हा प्रश्न मात्र रास्त आहे. टकीला हे नाव मेक्सिकोचं आहे. १९७४ पासून त्या नावाला तिथे कायद्याचं संरक्षण आहे, आणि हालिस्को राज्य व आणखी चार राज्यांच्या ठरावीक भागांत, निळ्या अगावेच्या एकाच जातीपासून केलेल्या मद्यालाच ते लावता येतं. पण अगावे हे कूळ आपल्याला परकं नाही. सिन्नर-येवल्याकडे बांधावर जे काटेरी टोकांचं केकताड दिसतं, कुणी त्याला घायपात म्हणतं, ते याच कुळातलं. पानं कुजवून, वाख काढून त्याचे दोर वळत. दख्खनच्या पठारावर उगवणाऱ्या अगावेपासून मद्य करण्याचा प्रयोग डेस्मंड नाझरेथ यांनी केला, आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात डिस्टिलरी उभारली, आणि २०११ मध्ये ‘डेस्मंडजी’ बाजारात आणलं. त्याला टकीला म्हणता येत नाही, ‘अगावे स्पिरिट’ म्हणतात. नंतर गोव्यातून ‘पिस्टोला’ आलं, त्यात बॅरलमध्ये मुरवलेले प्रकारही आहेत. आणि बॅरल म्हटलं की नाशिक आलंच. गंगापूर धरणापासून विंचूरपर्यंतच्या वाइनरीजमध्ये ओकची बॅरल्स गेली कित्येक वर्षं वापरात आहेत, ती कशी वागतात हे जाणणारी माणसं इथे आहेत. तेव्हा ‘बॅरलने अगावे मद्याला नेमकं काय दिलं?’ हा प्रश्न इथे विचारण्यात वावगं काही नाही.

वावगं झालं ते पुढे.

मी दोन बाटल्या घेतल्या. एक न मुरवलेली, पाण्यासारखी स्वच्छ. तिला ब्लांको म्हणतात. दुसरी वर्षभराहून जास्त बॅरलमध्ये राहिलेली, म्हणजे आन्येहो. (दोन महिन्यांपासून रेपोसादो, एक वर्षापासून आन्येहो, तीन वर्षांपासून एक्स्ट्रा आन्येहो, अशी मेक्सिकन मानकाची विभागणी आहे. आन्येहोसाठी बॅरल ६०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही.) बारा जणांचं पॅनेल बसवलं. प्रत्येकाला दोन्ही नमुने दिले आणि १५ सेंटिमीटरच्या रेघेवर ‘उग्रपणा’, ‘गोडसरपणा’, ‘गुंतागुंत’ वगैरे गोष्टींसाठी खूण करायला सांगितलं. खुणा पट्टीने मोजल्या, सरासरी काढली, चाचणी लावली. फरक ठळक आला. मी आनंदाने लिहिलं की बॅरलमध्ये मुरल्याने मद्याचा उग्रपणा आणि गुंतागुंत लक्षणीय वाढते.

गाईड मॅडमनी प्रकरण वाचलं. काही बोलल्या नाहीत. समासात पेन्सिलने दोन आकडे लिहिले: ४० आणि ५५.

ब्लांकोची तीव्रता ४० टक्के होती. बॅरलवाल्या बाटलीची ५५ टक्के, म्हणजे मेक्सिकन मानकात बसणारी कमाल. मला हे माहीत होतं. दोन्ही आकडे माझ्याच ‘साहित्य आणि पद्धती’मध्ये, पहिल्याच परिच्छेदात छापलेले होते! लोकांनी जो ‘उग्रपणा’ नोंदवला तो लाकडाचा की निव्वळ अल्कोहोलचा, हे माझ्या प्रयोगातून कधीच कळणार नव्हतं. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि श्रेय एकीलाच दिलं. पुस्तकात याला गोंधळकारी चल म्हणतात. परीक्षेत मी त्याची व्याख्या चार मार्कांना लिहिली आहे.

इथे तीव्रतेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाटलीवरचे आकडे लोकांना फसवतात. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर ४२.८ टक्के असं विचित्र अपूर्णांकातलं लिहिलेलं असतं. ते ब्रिटिश ‘प्रूफ’मधून आलं आहे. त्यांच्या पद्धतीत १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के अल्कोहोल, आणि त्याचे ७५ टक्के केले की ४२.८. अमेरिकन पद्धत वेगळी: टक्क्यांची सरळ दुप्पट. म्हणून ५५ टक्क्यांची टकीला अमेरिकेत ११० प्रूफ. ‘प्रूफ’ शब्दामागची गोष्ट अशी सांगतात की बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवायची, पेटली तर मद्य अस्सल. मराठीत तर ही गोष्ट ‘दारूत भिजवलेली दारू’ अशीच सांगावी लागते. पेपर वाचताना ‘प्रूफ’ दिसलं की तो कुठल्या देशातला आहे ते आधी बघा. एकाच तक्त्यात दोन्ही पद्धती मिसळल्या तर पुढची सगळी गणितं वाया.

मिसळ आणि टकीला

तर ४० आणि ५५ मध्ये तोंडात काय फरक पडतो? अल्कोहोलची जळजळ ही ‘चव’ नाही. जिभेच्या चवकळ्यांशी तिचा फारसा संबंध नाही. तोंडात, नाकात, घशात वेदना आणि उष्णता टिपणाऱ्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राहक असतो. तो साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या वर जागा होतो आणि मेंदूला ‘भाजतंय’ असं कळवतो. २००२ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की इथेनॉलच्या सान्निध्यात हा उंबरठा सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली येतो. आपल्या अंगाचं तापमान ३७. म्हणजे काहीही गरम न पिता तोंड स्वतःच्याच उबेने भाजायला लागतं! तीव्रता जितकी जास्त, तितकं हे जास्त, आणि या गोंगाटात खाली दबलेले हलके वास ऐकूच येत नाहीत.

हाच ग्राहक मिरचीतल्या कॅप्सेसिननेही पेटतो. आता तुम्हीच विचार करा, रविवारी सकाळी नाशिकमध्ये पॅनेल बसवलं तर काय होईल. माझ्या बारापैकी तीन जण तर्रीदार मिसळ खाऊन, वरून चहा पिऊन आले होते. त्यांच्या तोंडात तो ग्राहक आधीच हलवून सोडलेला. त्यांच्या खुणा इतरांशी का जुळत नाहीत याचा विचार करण्यात माझे दोन आठवडे गेले. उत्तर कॉलेजच्या गेटासमोरच्या हॉटेलात होतं. आता नियम आहे: पॅनेल मंगळवारी, साडेदहाला, आधी किमान दोन तास साधं पाणी सोडून काही नाही, अत्तर नाही, पान-तंबाखू नाही. दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे. परदेशी पुस्तकांत बिनमिठाचं बिस्किट सांगतात. मुरमुरे तेच काम करतात आणि त्यांना स्वतःचा वास जवळजवळ नसतो.

शब्द हेच उपकरण

पण समजा मी दोन्ही नमुने एकाच तीव्रतेवर आणले असते, तरी माझं प्रकरण उभं राहिलं असतं का? नाही. कारण दुसरी चूक माझ्या प्रपत्रातच होती, आणि ती मला जास्त लागली. भाषा आपली, शब्द मी निवडलेला, तरी चुकले.

मी पॅनेलला पुन्हा बोलावलं, चाखायला काही न देता, आणि विचारलं, “उग्र म्हणजे तुम्ही काय मोजलंत?” एकाने सांगितलं, नाकात झोंबतं ते. दुसरी म्हणाली, उग्र वास असतो ना, लसणीसारखा, खोलीभर राहणारा, तो. तिसऱ्याने कडूपणा मोजला होता. एका काकांनी, प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेला माणूस, शांतपणे सांगितलं, “मला तरी उग्र म्हणजे चांगल्या दारूचं लक्षण वाटलं.” म्हणजे ते आवड मोजत होते! एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी, आणि मी त्यांची सरासरी काढून दशांश चिन्हापुढे दोन आकडे दिले होते.

थर्मामीटरवर अंशांच्या खुणा नसतील तर तो आपण वापरणार नाही. संवेदी चाचणीत माणूस हा थर्मामीटर आणि शब्द ह्या खुणा. म्हणून वर्णनात्मक विश्लेषणात प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ शब्द ठरवण्यात जातो, चाखण्यात नाही. वाइनसाठी असं एक वासचक्र कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या ॲन नोबल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलं. उत्तम काम आहे, पण ते जसंच्या तसं उचलून नाशिकच्या पॅनेलपुढे ठेवलंत तर काय होतं ते मी पाहिलं आहे. ब्लॅकबेरी, देवदार, बटरस्कॉच. लोक मान डोलावतात, खुणा करतात, आणि ब्लॅकबेरी कुणी हातात धरलेलीसुद्धा नसते.

मग आम्ही आपले शब्द काढले, आणि इथे मजा आली. शिजवलेल्या अगावेचा जो मुख्य वास आहे, त्यासाठी पॅनेलमधली एक जण चटकन म्हणाली, “एकादशीचं उकडलेलं रताळं.” बरोबर आहे. अगावेच्या गड्ड्यात साखर फ्रुक्टोजच्या लांब साखळ्यांच्या रूपात असते. ती तासन्‌तास भाजली-वाफवली की साखळ्या तुटतात, गोड होतात, थोड्या करपतात. रताळ्यातली साखळी वेगळी, स्टार्चची, पण उष्णतेने पिष्टमय कंद गोड आणि खरपूस होण्याची गोष्ट नाकाला सारखीच वाटते. मग काकवी आली. ओकमधून येणाऱ्या लॅक्टोनसाठी सुकं खोबरं, युजेनॉलसाठी लवंग (लवंगेच्या तेलात मुख्यतः तेच असतं), ग्वायाकॉलसाठी चुलीचा धूर. व्हॅनिलिनला व्हॅनिलाच, त्याला आता आइस्क्रीममुळे सगळे ओळखतात.

सगळ्यात सोपं गेलं ते टॅनिन. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना त्यासाठीचा इंग्रजी शब्द समजावताना पुस्तकं पान-पानभर लिहितात. आपल्याकडे ‘तुरट’ म्हटलं की प्रत्येकाच्या गालाच्या आतून सुरकुती पडते. आवळा, कच्चं जांभूळ, सुपारी. आणि गंमत म्हणजे जगभरच्या संवेदी प्रयोगशाळांत तुरटपणाचा संदर्भ नमुना म्हणून पाण्यात विरघळवलेली जी चीज वापरतात ती तुरटीच. नाव आपण आधीच देऊन ठेवलंय.

प्रत्येक शब्दाला असा एक संदर्भ नमुना हवा: ठरलेल्या वजनाचा, झाकणाच्या बाटलीत, रोज ताजा. ‘या बाटलीतली लवंग म्हणजे रेघेवर १० सेंटिमीटर’ असं सगळ्यांनी मिळून ठरवायचं. काही शब्दांना आम्ही बंदी घातली. ‘खमंग’ हा पहिला. सुंदर शब्द आहे, पण त्यात वास आणि आवड इतकी एकजीव आहे की वेगळी करता येत नाही. ‘खमंग पण मला नाही आवडलं’ असं कुणी म्हणतं का? ‘गुंतागुंत’ही गेली. आणि ‘उग्र’च्या जागी आले चार: नाकात झोंबणं, घशातली जळजळ, धुरकट, कडू. आवड विचारायची असेल तर दुसऱ्या लोकांना, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या कागदावर. प्रशिक्षित पॅनेलला ‘आवडलं का’ विचारणं म्हणजे वजनकाट्याला भाव विचारणं.

डोळे आधी चाखतात

एखाद्या टेस्टिंग रूममध्ये गेला असाल तर तुम्हाला अनुभव असेल. ओतणारा मुलगा ग्लास हातात देताना सांगतो, “यात तुम्हाला चॉकलेट मिळेल.” आणि मिळतं! रंगाचंही तसंच. २००१ मध्ये मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू यांनी बोर्दोतल्या वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, आणि तीच पांढरी वाइन वास नसलेल्या रंगाने लाल करून दिली. लाल केलेल्या ग्लाससाठी विद्यार्थ्यांनी रेड वाइनचे शब्द वापरले. हा अभ्यास ‘तज्ज्ञांना रेड-व्हाइट कळत नाही’ अशा मथळ्याने फिरतो. मूळ पेपर वाचा. ते विद्यार्थी होते, काम वासाचं वर्णन करण्याचं होतं, आणि निष्कर्ष आहे तो रंगाने शब्दांची निवड ओढली जाते, इतकाच. तेवढाही पुरेसा धक्कादायक आहे, वाढवून सांगायची गरज नाही.

मी स्वतः एक खोडसाळपणा केला. प्रशिक्षणाच्या दिवशी ब्लांकोमध्ये कॅरॅमल रंगाचे थेंब टाकून साध्या काचेच्या ग्लासमध्ये ठेवलं. ‘ओक’, ‘व्हॅनिला’ असे शब्द लगेच कागदावर उतरले. एकीने तर ‘बॅरल, नक्की’ असं लिहून खाली रेघ मारली. (नंतर सांगितलं सगळ्यांना. फसवणूक असलेल्या चाचणीत नंतर खरं सांगणं बंधनकारक असतं, नैतिकता समितीला तसं आधी लिहून द्यावं लागतं.) तेव्हापासून आमचे ग्लास काळे आहेत.

टकीलाच्या बाबतीत हा मुद्दा जास्त गंभीर आहे. मेक्सिकन मानक कॅरॅमल, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक हे मिळून एकूण १ टक्क्यापर्यंत घालायला परवानगी देतं. तेव्हा सोनेरी रंग, व्हॅनिलाचा वास आणि जिभेवरचा गुळगुळीतपणा, यांपैकी एकही गोष्ट बॅरलमधल्या वर्षांचा पुरावा ठरत नाही. उलट कोळशातून गाळून रंग काढलेली, पाण्यासारखी दिसणारी मुरवलेली टकीलाही मिळते. पॅनेलने ‘व्हॅनिला १०’ दिले तर तुम्ही इतकंच म्हणू शकता की व्हॅनिला जाणवली. ती लाकडातून आली की बाटलीतून, हे सांगायला गॅस क्रोमॅटोग्राफीकडे जावं लागतं, आणि तिथेही उत्तर नेहमी सरळ येत नाही.

मुळात फरक आहे का?

वर्णनाच्या आधी एक साधा प्रश्न विचारायचा असतो, तो मी विचारलाच नव्हता: या दोन नमुन्यांत लोकांना फरक तरी कळतो का? त्यासाठी त्रिकोण चाचणी. तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखा. काहीच न कळता नुसता अंदाज केला तर बरोबर येण्याची शक्यता एकतृतीयांश. २४ जण असतील तर निव्वळ नशिबाने ८ बरोबर येतील. म्हणून ५ टक्के पातळीवर फरक आहे म्हणायला किमान १३ बरोबर हवेत. १२ आले तर नाही. बारा जणांच्या पॅनेलला ८ लागतात. हे आकडे तक्त्यात मिळतात, पण एकदा द्विपद वितरणाने स्वतः काढून बघा. व्हायवात विचारतात.

मांडणीचे सहा प्रकार होतात (ककख, कखक, खकक आणि उलट तीन), म्हणून माणसांची संख्या सहाच्या पटीत घ्यावी. ग्लासवर क, ख किंवा १, २ लिहू नये, तीन अंकी यादृच्छिक क्रमांक द्यावेत; ‘१’ लिहिलेला ग्लास लोकांना उगाच बरा वाटतो. जास्त तीव्रतेच्या मद्यात आधीच्या घोटाचा परिणाम पुढच्यावर उरतोच, म्हणून कोण कशानंतर आलं याचा समतोल राखणारी मांडणी हवी. विल्यम्सने १९४९ मध्ये ती देऊन ठेवली आहे, आर मध्ये दोन ओळींचं काम.

आणि तोच माणूस, तोच नमुना, पुन्हा दिला तर तेच उत्तर देतो का? रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेत परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. २००८ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार, तिन्ही वेळा एकाच पदकाच्या गटात बसतील असे गुण देणारे परीक्षक सुमारे १० टक्केच निघाले. तुमच्या पॅनेलमध्ये पुनरावृत्ती नसेल तर तुम्ही त्या बाकीच्या ९० टक्क्यांना मोजताय की मद्याला, हे कळायला मार्ग नाही. माझ्या पहिल्या प्रयोगात पुनरावृत्ती नव्हती. वेळ वाचवला होता.

पाणी घालायचं की नाही

हा मला अजूनही छळणारा प्रश्न आहे, म्हणून यावर जरा थांबते.

व्हिस्कीचे मिश्रणकार वास घेताना नमुना सुमारे २० टक्क्यांवर आणतात. जळजळ उतरते, वास मोकळे होतात. २०१७ मध्ये कार्लसन आणि फ्रीडमन या स्वीडिश संशोधकांनी ग्वायाकॉल, म्हणजे तो धुरकट रेणू, पाणी-इथेनॉलच्या मिश्रणात कुठे बसतो ते पाहिलं. ४५ टक्क्यांपर्यंत तो द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो. ५९ टक्क्यांच्या वर इथेनॉलचे रेणू त्याला घेरतात आणि तो आत ओढला जातो. पाणी घातल्याने वास का खुलतो याचं छान स्पष्टीकरण. पण ते संगणकातलं अनुकरण होतं, एकच रेणू घेऊन केलेलं, आणि त्यात एकही नाक नव्हतं. उद्धृत करताना एवढं लक्षात ठेवा.

तर उपाय सोपा वाटतो: दोन्ही नमुने २० टक्क्यांवर आणा. ५५ टक्क्यांच्या ५० मिलीत साधारण ८७ मिली पाणी. (मिलीत मोजू नका, वजनाने करा. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी मिळून १०० होत नाही, सुमारे ९६ होतं. मिसळताना द्रव गरमही होतो, तेव्हा सगळे नमुने सारखाच वेळ ठेवून द्या.) पण मग मी जी मोजते आहे ती ‘जास्त तीव्रतेची टकीला’ आहे का? ज्याने ती ५५ टक्क्यांची म्हणून बाटलीत भरली, त्याचं म्हणणंच मुळी पाणी न घालण्यात आहे. तीव्र मद्यात विरघळून राहिलेले काही तेलकट घटक पाणी घातलं की बाहेर पडतात, द्रव गढूळ होतो. मी पाणी घातल्यावर फक्त आवाज कमी करत नाही, गाणंही थोडं बदलते.

माझं आत्ताचं मत असं: लाकडाने काय दिलं हा प्रश्न असेल तर समान तीव्रतेवर आणा. पिणाऱ्याला काय जाणवतं हा प्रश्न असेल तर बाटलीतल्या तीव्रतेवर द्या, आणि मग लाकडाबद्दल एक शब्दही बोलू नका. दोन्ही हवं असेल तर दोन प्रयोग करा. आणि तरीही माझ्या त्या दोन बाटल्या निरुपयोगीच आहेत, कारण त्या दोन वेगळ्या उत्पादकांच्या होत्या. अगावे वेगळं, भाजणं वेगळं, आंबवणं वेगळं. तीव्रता समान केली तरी बॅरल सोडून दहा गोष्टी वेगळ्या राहतात. खरी तुलना एकाच ऊर्ध्वपातनातल्या द्रवाची: थोडा काचेत ठेवलेला, थोडा बॅरलमध्ये. तसा नमुना दुकानात मिळत नाही, मागावा लागतो, आणि ‘कशासाठी?’ या प्रश्नाला तीन पानी पत्र लिहावं लागतं.

पॅनेलमधली माणसं

शेवटी ज्याकडे मी सगळ्यात उशिरा लक्ष दिलं ते. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षं आहे, बिअर-वाइनसाठी २१. म्हणजे पदवीचे आणि एम.एस्सी.चे जवळजवळ सगळे विद्यार्थी बाद. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याकडे परवाना लागतो, तो राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. हे सगळं फाइलला लावायचं. पॅनेलमध्ये घोट थुंकायचा असतो, गिळायचा नाही. त्यासाठी प्रत्येकापुढे झाकणाची पिकदाणी. एका बैठकीत चारच नमुने. तरी तोंडातून थोडं शोषलं जातंच, म्हणून त्या दिवशी स्वतःची गाडी चालवायची नाही, रिक्षाचे पैसे आम्ही देतो.

हे नियम कागदावर होते. पण पहिल्या बैठकीत एक सहकारी, संमतिपत्रावर सही करून बसलेली, ग्लास नाकाशी धरून नुसती बसून राहिली. खुणा सगळ्या केल्या, नीट, पण घोट घेतला नाही. नंतर जिन्यात म्हणाली, “बाबा घरी घेतात. हा वास आला की मला संध्याकाळ आठवते. तुला नाही कसं म्हणू?” मी तिची सीनियर होते. तिने केलेल्या खुणा मी विश्लेषणात धरल्या होत्या, बारातल्या एक.

आता पॅनेलला मी स्वतः बोलावत नाही, दुसऱ्या विभागातून सूचना लागते आणि नावं थेट माझ्याकडे येत नाहीत. प्रपत्रात ‘फक्त वास’ असा वेगळा रकाना आहे आणि ‘आज नको’ असाही, कारण न विचारता. ‘फक्त वास’वाल्यांच्या खुणा वेगळ्या तपासते, आणि त्यांच्यात काही जण इतके बारीक नाकाचे निघाले की संदर्भ बाटल्या लावायचं काम त्यांनाच दिलंय. ती सहकारी आता लवंग आणि खोबऱ्याच्या बाटल्या सांभाळते. ग्लासांच्या खोलीत येत नाही.

एकाच ऊर्ध्वपातनातले दोन नमुने मिळण्याबाबत एका ठिकाणाहून होकार आला आहे, बॅरलमधला अजून चार महिने मुरायचा आहे. तोवर तुरटीचं द्रावण, काळे ग्लास आणि दर मंगळवारी साडेदहा. पॅनेलमध्ये अजून पाच जागा आहेत. वय २५ च्या पुढे असेल, परवाना असेल, तर विभागाच्या फलकावरचा फॉर्म भरा. मिसळ बुधवारी खा.